उन्हाची जागा

“हे असं चालायचं? बदकासारखं?” आईंनी विचारलं.

“पाय जरा फाकून टाकायचे. नाहीतर एक जोडा दुसऱ्यावर पडतो आणि माणूस तोंडावर,” त्यांच्या पायाशी गुडघे टेकून चामड्याचे पट्टे आवळत हेरंब म्हणाला.

“जोडे कसले, सुपं आहेत ही. पायाला सुपं बांधून कुणी डोंगर चढतं का?”

दिसत होती ती सुपासारखीच. लाकडाची लांबट चौकट, तिच्यात वादीची जाळी, मागे निमुळती शेपटी. भुसभुशीत बर्फात माणूस मांडीपर्यंत रुततो. पायाखाली ही जाळी असली की वरच्यावर चालता येतं. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मिरजेच्या. वय साठीच्या पुढे. जन्मात नऊवारीशिवाय काही नेसल्या नव्हत्या. त्या दिवशी त्यांनी शेजारणीची निळी फुगीर विजार चढवली होती आणि वर हेरंबचा जुना कोट. घरातून निघताना आरशासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, “बरं झालं, तुझे सासरे हे बघायला नाहीत.”

ही गोष्ट शहाऐंशी सालच्या जानेवारीतली. आम्ही तेव्हा अमेरिकेत ओरेगनमध्ये राहत होतो, माउंट हूडच्या पायथ्याच्या एका लहानशा गावात. हेरंब कागदाच्या गिरणीत इंजिनियर होता. लग्नाला चार वर्षं झाली होती. मी नाशिकची, ऊन आणि द्राक्षं सोडून दुसऱ्या हवेशी माझी ओळख नव्हती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो पांढरा डोंगर दिसायचा आणि पहिले दोन हिवाळे मी त्या खिडकीचा पडदा ओढूनच काढले.

हेरंबचं उलटं. तो तिथल्या डोंगर-भटक्यांच्या एका क्लबात शिरला होता. फेब्रुवारीत क्लबाचा बर्फातला मुक्काम व्हायचा होता, बायकामुलांसकट, आणि त्यासाठी जागा शोधायचं काम त्याने स्वतःहून मागून घेतलं होतं. नोव्हेंबरपासून दर शनिवारी तो एकटाच जायचा आणि अंधार पडल्यावर परत यायचा. दाढीत बर्फाचे कण असायचे.

“मिळाली का जागा?” आई विचारायच्या.

“नाही. मनासारखी नाही.”

मी “बरं” म्हणायचे. आई पानं घ्यायच्या. ऑक्टोबरपासून आमच्या घरात बोलणं म्हणावं तर एवढंच होत होतं. आई मिरजेहून ज्यासाठी निघाल्या होत्या, ते कारण त्या विमानात असतानाच संपलं होतं. विमानतळावर हेरंबने त्यांना सांगितलं. त्यानंतर त्या विषयावर कुणी शब्द काढला नाही. ना त्याने, ना मी, ना त्यांनी. तिघंही एकमेकांना धक्का लागू नये अशा बेताने घरात वावरत होतो.

त्या शनिवारी हेरंब बूट चढवत होता आणि आई दारात येऊन उभ्या राहिल्या.

“आज आम्ही दोघी पण येतो.”

“आई, तिथे छातीएवढा बर्फ आहे.”

“बर्फच बघायला येतेय. घरात काय बघायचं? भिंती?”

हेरंबने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी मला चालायला कधीच परवानगी दिली होती. मीच घराबाहेर पडत नव्हते. त्या दिवशी मी नाही म्हटलं नाही. का, ते आज सांगता येणार नाही. कदाचित आई एकट्या त्याच्याबरोबर गेल्या असत्या तर मागे घरात मी आणि ऑक्टोबरपासून बंद ठेवलेली ती खोली एवढंच उरलं असतं, म्हणून असेल.

गाड्या लावायच्या जागेपाशी जोडे बांधून झाल्यावर हेरंबने आम्हांला बजावलं, “एक लक्षात ठेवा. झाडाच्या अगदी बुंध्याशी जायचं नाही. फांद्यांच्या खाली बर्फ पडत नाही, त्यामुळे खोडाभोवती पोकळी राहते. वरून सपाट दिसतं, पण पाय टाकला की माणूस आत. इथे त्याला झाडाची विहीर म्हणतात.”

“आणि पडलंच कुणी तर?” मी विचारलं.

“तर पाय धरून ओढत बसायचं नाही. बाजूने खणत आधी तोंडापर्यंत जायचं. श्वास मोकळा करायचा. बाकीचं नंतर.”

“असल्या जागी तू दर शनिवारी एकटा येत होतास?” आई म्हणाल्या.

तो पुढे होऊन चालू लागला.

पहिला अर्धा तास आई चालण्यापेक्षा बसतच जास्त होत्या. पडल्या की हसायच्या. त्या आमच्याकडे आल्यापासून त्यांचं ते हसणं मी पहिल्यांदा ऐकत होते. हळूहळू त्यांना लय सापडली. मलाही. आकाश धुतल्यासारखं निळं होतं आणि फरची झाडं पांढरी टोपडी घातल्यासारखी उभी होती. आमच्या पावलांचा चरचर आवाज सोडला तर कुठे काही नाही.

पहिली जागा तळ्याकाठची. तळं गोठलेलं, चहूकडे सपाटी, समोर डोंगर आख्खाच्या आख्खा.

“किती छान आहे!” मी म्हणाले.

“दिसायला छान. पण थंड हवा सगळी खाली उतरून अशा खळग्यात साचते. वर तळ्यावरून वारा. पहाटे पोरं काकडून जातील.”

“आणि पोरांना शी-शूला कुठे न्यायचं?” आई म्हणाल्या. “एक झाड नाही आडोशाला. लहान पोरं तंबूतून शंभर वेळा बाहेर...”

त्या एकदम थांबल्या. आम्ही तिघंही तळ्याकडे बघत राहिलो.

“चला पुढे,” हेरंब म्हणाला.

दुसरी जागा एका मोठ्या उताराखाली होती. वारा नाही, जवळच झरा. पण हेरंब तिथे थांबलाही नाही. वरच्या गुळगुळीत पांढऱ्या उताराकडे काठी करून म्हणाला, “एवढ्या रानात तिथेच एकही झाड का नाही? वरचा बर्फ घसरून येतो आणि झाडं मोडून नेतो. याच्या खाली तंबू ठोकायचे नाहीत.” मी त्याच्याकडे पाहत होते. घरी गप्प गप्प असणारा हा माणूस इथे प्रत्येक जागेत कुठल्याशा न आलेल्या पोरांच्या जिवावर काय काय बेतू शकेल ते शोधत होता. क्लबातल्या कुठल्याही माणसाने एवढं बघितलं नसतं. दर शनिवारी जागा मनासारखी का मिळत नव्हती, ते मला तेव्हा थोडंसं कळलं.

दुपार व्हायला आली तेव्हा आम्ही एका विरळ रानात पोचलो. खालून पाणी वाहण्याचा आवाज येत होता. “ओढा जिवंत आहे वाटतं,” हेरंब म्हणाला. “तुम्ही टेका जरा. मी पाणी बघून येतो.”

आई एका पडलेल्या ओंडक्यावर बसल्या. मी त्यांच्या शेजारी. त्यांनी पाठीवरची पिशवी सोडली आणि हातमोजे काढून बोटांवर फुंकर घातली.

“वृंदा, तुला इथं करमतं का गं?” त्यांनी विचारलं.

तेवढ्यात फस्सकन आवाज झाला, कुणीतरी रजई झटकावी तसा. मी मान वर केली. समोर झाडं होती, बर्फ होता, ऊन होतं. हेरंब नव्हता.

“हेरंब कुठाय?” आई उभ्या राहिल्या.

“आत्ता तर इथे होता.”

आम्ही हाका मारल्या. उत्तर नाही. मग मला त्याची काठी दिसली, आडवी पडलेली, आणि तिच्यापलीकडे बर्फातून वर आलेली जोड्याची शेपटी. ती हलत होती.

तिथे झाड आहे हे वरून कळायला मार्गच नव्हता. एक लहान फर बर्फात पूर्ण बुडालेला, फक्त शेंड्याची काडी बाहेर. त्याच्या भोवतालच्या पोकळीत हेरंब उलटा, डोक्यावर पडला होता आणि वरचा बर्फ त्याच्यावर कोसळला होता. माझे हात आधी पायाकडेच गेले. धरून ओढलं. तसूभरही हलला नाही.

“तोंड!” आई ओरडल्या. “तोंडाकडे खण! त्यानं सांगितलंय ना!”

मी पायातला एक जोडा उपटून काढला आणि त्याने बर्फ ओढायला लागले. त्या पायाने कमरेपर्यंत रुतले, ते बरंच झालं; खाली पोचायला सोपं गेलं. आईंनी पिशवीतून मोठा स्टीलचा डबा काढला, झाकण उडवलं, आतलं सगळं बर्फावर पालथं केलं आणि पालथ्या पडून त्या डब्याने उपसू लागल्या. एकीकडे त्यांचं बोलणं चालूच होतं, मोठमोठ्याने, पण घाबरल्यासारखं नाही. “हेरंब, आम्ही आहोत रे इथं. हातपाय झाडू नकोस. आलोच. आलोच बघ.” आणि मला, “अशी बाजूनं ये, वृंदा. दमानं. हां, अशी. अजून जरा.”

जोड्याची शेपटी हलायची थांबली.

“आई, तो हलत नाहीये.”

“खण तू.”

मी खणलं. किती वेळ ते मला माहीत नाही. हातमोजा कुठे गेला कळलं नाही. मग बोटांना लोकर लागली, त्याची टोपी, आणि टोपीच्या खाली कपाळ. तोंडावर बर्फ थापल्यासारखा बसला होता. मी तो ओरबाडून काढला, ओठांत बोट घालून आतला गोळा बाहेर काढला. ओठ निळे पडले होते. आई माझ्या खांद्यावरून वाकल्या आणि त्याच्या गालावर त्यांनी सणसणीत चापट मारली.

हेरंब खोकला. पुन्हा खोकला. मग त्याने लांब, घोगरा श्वास ओढला.

“आता ओढ,” आई म्हणाल्या. “दोघी मिळून. खांद्याला धर. घाबरू नकोस, येतोय तो.”

तो बाहेर आला आणि आम्ही तिघं एकमेकांवर पडलो. हेरंब उताणा पडून आभाळाकडे बघत होता. त्याच्या दाढीचा, भुवयांचा बर्फ वितळून कानांत जात होता. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “माझा चष्मा.”

मला काय झालं कळलं नाही. मी त्याच्या छातीवर मुठी आपटायला लागले. “चष्मा? चष्मा पाहिजे तुला? तूही गेला असतास तर? तूही गेला असतास तर मी काय केलं असतं?”

त्या ‘तूही’वर सगळं थांबलं. त्याने माझे हात धरले.

“मी तिला बघितलं होतं, वृंदा,” तो म्हणाला.

मी त्याच्याकडे बघत राहिले.

“तू शुद्धीवर नव्हतीस. नर्सने विचारलं, घेणार का हातात. मी घेतलं.”

आमची मुलगी ऑक्टोबरात, दिवस भरायच्या आत, मेलेली जन्मली होती. मला भूल देऊन ऑपरेशन केलं होतं. जाग आली तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. मला वाटत होतं तिला कुणीच बघितलं नाही. एवढे दिवस मला तेच खात होतं, की ती आली आणि गेली आणि आपल्या माणसाचा हात काही तिला लागला नाही.

“मला सांगितलं का नाहीस?”

“कसं सांगू? मी तुझ्या वाटणीचंही बघून घेतलं असं वाटायचं. सांगायला तोंड उघडलं की तू खोलीतून उठून जायचीस.”

“कशी होती?”

“केस होते. पुष्कळ. काळेभोर.” तो थांबला. “कपाळ तुझं. आणि हाताची बोटं अशी लांब, आईसारखी.”

आईंनी आपले हात उघडून बघितले. लालबुंद झालेले, नखांत बर्फ गेलेला. मग त्या उठल्या आणि डब्यातून पालथं केलेलं वेचायला लागल्या.

तिथे ओल्यात बसून राहणं धोक्याचं होतं. हेरंबचे दात वाजत होते. चष्मा मला सापडला, एक काडी मोडलेला. आम्ही त्याला माझा लोकरी शर्ट घातला आणि मधे घेऊन चालवत निघालो, आल्या वाटेने नाही, तर जरा वरच्या अंगाने, कारण तिकडे ऊन दिसत होतं. झाडांतून बाहेर पडलो तो एक लहानसा माळ लागला. माळ कसला, डोंगराच्या अंगाला बसवलेला पाटच. मागे खडकाचा आडोसा, पुढे मोकळं, आणि सगळ्या माळावर ऊन. वारा लागत नव्हता.

“मी आता इथून हलत नाही,” आई म्हणाल्या आणि खडकाला टेकून बसल्या.

हेरंब उभ्या उभ्याच इकडेतिकडे बघू लागला. वर मोकळा उतार नाही. झाडं जिवंत, अंगावर पडेल असं वाळकं एकही नाही. ओढ्याचा आवाज खालून येतोय, पण पोरं धडपडतील इतका जवळ नाही. “आई,” तो म्हणाला, “हीच जागा.”

“बस खाली आधी.”

त्यांनी डबा उघडला. आत डिंकाचे लाडू होते. काही फुटलेले, काहींना अजून बर्फ चिकटलेला. डिंक, खारीक, खोबरं, मेथ्या. हे लाडू कधी करतात ते मला सांगायला नको होतं. मिरजेत बसून त्यांनी ते वळले होते, आणि इथे आल्यापासून आपल्या बॅगेत ठेवून दिले होते.

“घे,” त्यांनी एक माझ्यापुढे धरला.

“आई, हे... हे आता मला कशाला?”

“तुझ्यासाठीच केलेत. मग कुणी खायचे?”

“पण ते बाळंतिणीला...”

“तूच ना बाळंतीण?” आई म्हणाल्या. “मूल राहिलं नाही म्हणून बाळंतपण झालं नाही असं होतं का? एवढे महिने ओझं वाहिलंस, पोट फाडून घेतलंस. तुझ्या कमरेला ताकद नको?” त्यांनी लाडवावरचा बर्फ झटकला. “रोज उठून ठरवत होते, आज देते. रोज तुझ्याकडे बघून धीर होत नव्हता. आज म्हटलं, डोंगरावर देते, तिथं तरी ही उठून खोलीत जाणार नाही.”

मी लाडू घेतला. दगडासारखा झाला होता. दाताने टोकरत टोकरत खाल्ला आणि खाताना रडत होते. हेरंबही खात होता. तोही रडत होता, आणि मोडका चष्मा सारखा नाकावरून घसरत होता.

“नाव काय ठरवलं होतंत?” आईंनी विचारलं.

“गौतमी,” मी म्हणाले.

“शाल्मली,” तो त्याच वेळी म्हणाला.

“शाल्मली? हे कधी ठरलं?”

“मी सांगणारच होतो तुला.”

“काटेसावरीचं नाव? पोरीला?”

“सावर फुलते तेव्हा बघितलीस कधी? आणि गौतमी काय, तुझ्या कॉलेजातल्या त्या भांडखोर मैत्रिणीचं नाव.”

“आमच्या नदीचं नाव आहे ते! गोदावरीचं!”

आम्ही भांडलो. खरंखुरं, हातवारे करून, त्या शांत माळावर आवाज घुमेपर्यंत. तीन महिन्यांत पहिल्यांदा आम्हांला एकमेकांचं काही ऐकून घ्यायचं नव्हतं आणि काही सोडायचंही नव्हतं. आईंनी मुकाट्याने एक आख्खा लाडू संपवला.

“झालं?” त्या म्हणाल्या. “दोन्ही ठेवा. शाल्मली पाळण्यातलं, गौतमी हाकेचं. आपल्याकडे पाळण्यातलं एक आणि हाकेचं एक असतंच. याचंच बघ, पाळण्यातलं विनायक आहे. कुणी हाक मारली त्याला विनायक म्हणून?”

“पण आई, पाळणाच...” मी म्हणाले.

“पाळणा नसला तरी नाव ठेवता येतं.”

त्या गुडघ्यांवर सरकत माझ्याजवळ आल्या. माझी टोपी वर केली, कानाशी तोंड आणलं, आणि बारशाला आत्या करते तशी हळूच ‘कुर्रर्र’ केलं. त्यांचा श्वास गरम होता, त्याला खारकेचा वास होता. त्यांनी नाव सांगितलं. मग हेरंबच्या कानात सांगितलं. मग पुन्हा आपल्या जागी जाऊन बसल्या आणि उन्हाकडे तोंड करून त्यांनी डोळे मिटले.

फेब्रुवारीत क्लबाचा मुक्काम त्या माळावरच झाला आणि पुढेही बरीच वर्षं होत राहिला. आई मार्चमध्ये मिरजेला परत गेल्या. त्या पुन्हा दोनदा आल्या, दोन्ही वेळा लाडू घेऊन, एकदा माझ्या मुलाच्या वेळी आणि एकदा धाकटीच्या. विजार मात्र पुन्हा कधी घातली नाही. त्यांना जाऊनही आता खूप वर्षं झाली. हेरंबचे गुडघे गेलेत. बर्फात चालायचं आम्ही सोडलं. अजून त्याच घरात राहतो, खिडकीतून डोंगर दिसतो तेवढा बघतो.

पण मला तो डोंगर म्हटलं की त्या दुपारचं निघणं आठवतं. ऊन कलायला लागलं होतं. आईंनी डबा बांधला, मी जोडा पायात चढवला. हेरंब पुढे होता. माळाच्या कडेला पोचल्यावर तो थांबला आणि मागे वळला. मला वाटलं जागा नीट ध्यानात ठेवतोय. त्याने रिकाम्या माळाकडे एकदा पाहिलं, आणि मागे खेळत रेंगाळलेल्या पोराला बाप मारतो तशी सहज हाक मारली.

“गौतमी, चल गं. उशीर होतोय.”